तुमच्या बहिणीचे दोन गुण

३ मार्च, मंगळवार

दादा,

आज सकाळी डायलिसिस विभागात जाऊन आलो. हिची उशी आणि पांघरूण तिथल्या कपाटात राहिलं होतं, ते घेऊन जा असा निरोप होता. दुपारी घरी आलो. जेवलो. पांघरूण धुवायचं होतं, ऊनही चांगलं होतं, पण धुतलं नाही. एवढाच दिवस.

ही तुम्हाला दादा म्हणायची म्हणून लग्नापासून मीही दादाच म्हणत आलो, वयाने तुम्ही माझ्याहून लहान असलात तरी. आता दुसरं काय म्हणावं हे सुचत नाही, म्हणून तेच ठेवतो. अंत्यविधी झाल्यावर तुम्ही आमच्या फाटकाशी बराच वेळ उभे होता. मी बाहेर आलो नाही. आत मला काही काम नव्हतं.

पत्राचं कारण वेगळं आहे. विभागातलं आणखी एक मशीन बंद पडतंय. सुटे भाग मिळत नाहीत, आणि मिळाले तरी कधी, हे कोणी सांगत नाही. डॉक्टरीणबाईंनी हिशोब मांडला. उरलेल्या दोन मशीनवर पहाटेची एक पाळी वाढवली तर सगळे मावतात. एक जण सोडून. बदल महिनाअखेरीला होणार.

तो एक कोण, हे मागचं मशीन बंद पडलं तेव्हा तुम्ही करून दिलेल्या नियमाने ठरेल. नियम तुम्हाला मी काय सांगायचा, पण लिहून बघतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते समजेल. माणूस अजून किती वर्षं काढेल, त्याला दुसरे आजार किती, आणि त्याच्यावर अवलंबून कितीजण. या तिन्हींचे गुण, त्यांची बेरीज. ज्याची बेरीज सगळ्यांत कमी त्याची नेहमीची पाळी जाते, आणि तो बाकावर बसून वाट बघतो की आज कोणी गैरहजर राहतंय का. डायलिसिसला कोणी गैरहजर राहत नाही. ही बाकावर बसायला लागली आणि दुसऱ्या आठवड्यात गेली.

आता सगळ्यांत खाली शिंपीकाका आहेत. तुम्हाला आठवत असतील. हिच्या शेजारच्या खुर्चीत असायचे. बायको नाही, मूलबाळ नाही, मधुमेह आहे. आज मला बघून म्हणाले, "शाळेत माझे गुण कधी काठाच्या वर गेले नाहीत, आता म्हातारपणी काय जाणार?" आणि हसले. मग म्हणाले, "वहिनींच्या नंतर नंबर लागला, ओळखीच्या मागे उभं राहिल्यासारखं वाटतंय."

सतरा तारखेला सगळ्या रुग्णांची आणि घरच्यांची बैठक आहे. नियम तुम्ही केलात, लोक तुमचं ऐकतील. तुम्ही या आणि सांगा की हा नियम मागे घेतो. माझ्यासाठी नको. माझं काही राहिलेलं नाही.

कळावे.


१० मार्च, मंगळवार

दादा,

पत्र मिळालं. टाइप केलेलं होतं. तुम्ही लिहिता की नियम कुणाच्या विरुद्ध नाही, तो सगळ्यांच्या मिळून जास्तीत जास्त भल्यासाठी आहे. तो नसता तर तिथे ओळख चालली असती, नाही तर आवाज. आणि शेवटी लिहिता, दुःख हा युक्तिवाद नाही.

मान्य आहे. मी आयुष्यभर बस डेपोत वेळापत्रकं केली, हे गणित मला नवीन नाही. ज्या थांब्यावर चढणारे कमी, तो थांबा काढायचा. बसमधल्या साठ माणसांची चार-चार मिनिटं वाचतात. एकदा असा एक थांबा मी काढला. त्यानंतरही एक बाई रोज तिथे हात करून उभी असते, असं ड्रायव्हर येऊन सांगायचे. माझं गणित बरोबर होतं. आजही बरोबरच निघेल. पण तुमच्या पत्रात ती बाई कुठे बसते, ते मला सापडलं नाही.

वेटिंग रूममध्ये खुर्च्या गोल मांडून तुम्ही आम्हाला शिकवलंत तो दिवस मला चांगला आठवतो. तुम्ही म्हणालात, "समजा आपल्या सगळ्यांच्या मध्ये एक पडदा आहे. आपण म्हातारे की तरुण, एकटे की पोराबाळांचे, काहीच ठाऊक नाही. आता सांगा, नियम कसा असावा?" सगळ्यांना ते फार आवडलं. रुग्णांतला न्हावी म्हणाला, "सर, पडद्यामागे मशीन किती आहेत तेवढं सांगा, बाकी आम्ही बघतो." किती हसले लोक. ही तर घरी येईपर्यंत तेच सांगत होती. माझा दादा, माझा दादा.

मग पडदा बाजूला राहिला आणि तुम्ही बेरजेकडे गेलात. का गेलात ते मला त्या दिवशी कळलं नाही, आजही नाही. पडद्यामागे बसून मी रोज विचार करतो. मी ती मूल नसलेली बाई असेन, मी शिंपी असेन, तर दुसऱ्यांच्या बेरजेखाली उरलेला आकडा व्हायला मी कबूल होईन का? नाही होणार. चिठ्ठी टाका म्हणेन. चिठ्ठीत हरलो तर हरलो. पण तिथे मला कोणी कमी धरलेलं नसेल.

आता ते लिहितो, जे लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

गुण देताना तुम्ही प्रत्येकाला आत बोलावून विचारलंत. कुणावर कोण अवलंबून आहे हे बघताना न्हाव्याचा भाचा धरलात, तो त्याच्याकडे राहतो म्हणून. काही हरकत नाही. मग हिची पाळी. शेजारच्या दोन मुली शाळा सुटली की आमच्याकडे यायच्या, त्यांची आई कारखान्यातून येईपर्यंत ही त्यांना जेवू घालायची, अभ्यास घ्यायची. चार वर्षं. हिने ते सांगितलं. तुम्ही पेन उचललंत आणि परत ठेवलंत. म्हणालात, "हे धरता येणार नाही."

बाहेर आल्यावर मी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "सख्ख्या बहिणीला संशयाचा फायदा देता येत नाही, भाऊजी. दुसऱ्या कुणाच्या असत्या तर धरल्या असत्या."

दोन मुली, दोन गुण. ते धरले असते तर ही शिंपीकाकांच्या वर असती. हे तुम्हाला ठाऊक आहे, मला आहे, आणि शिंपीकाकांनाही आहे.

सगळ्यांना एकच माप लावायचं म्हणून तुम्ही नियम केलात, आणि एकटीला वेगळं माप लावलंत, ती तुमची होती म्हणून. ही मला म्हणाली, "बरोबर आहे दादाचं. लोक काय म्हणाले असते?" ती रागावली असती तर मला बरं झालं असतं.

तिची पाळी गेल्यावर मी फोन केला होता. तुमच्या शहरातल्या रुग्णालयाच्या विश्वस्तांत तुम्ही आहात. एक जागा विचारा म्हटलं. तुम्ही म्हणालात, "तिथेही रांग आहे. तिच्यासाठी विचारलं तर कुणीतरी एक जण मागे जाईल, जो आपल्याला दिसत नाही." मी म्हटलं, बरं. फोन ठेवला. ही पलंगावर होती. म्हणाली, "काय म्हणाला दादा?" मी म्हटलं, बघतो म्हणाले.

सतराला या. एवढंच मागतो.


१७ मार्च, मंगळवार

दादा,

बैठक झाली. दाराजवळची खुर्ची तुमच्यासाठी धरून ठेवली होती. नंतर सासूबाई तिथे बसल्या. सासूबाई म्हणजे खिडकीवालीच्या सासूबाई. खिडकीवाली ती तरुण मुलगी, खिडकीजवळचीच खुर्ची पाहिजे म्हणून टेक्निशियनशी भांडायची ती. तिला दोन लहान मुलं आहेत. तुमच्या यादीत ती सगळ्यांत वर.

तुमचं पत्र त्याच सकाळी आलं. चिठ्ठी टाकणं म्हणजे विचार करायचं टाळणं, त्यात जगू शकणारी वर्षं वाया जातात, असं तुम्ही लिहिलं होतं. मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. लपवलं नाही.

मला चारचौघांत बोलायची सवय नाही, तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, कोणाला किती गुण हे विसरू या. सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकू. मी आधी सगळ्यांनी थोडाथोडा वेळ कमी घ्यावा असं सुचवलं होतं, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ते करून झालंय, त्यात दोघांच्या छातीत पाणी झालं. एकाला वाचवायला जाऊन चार जण जातील. म्हणजे एक खुर्ची जाणार हे नक्की.

सासूबाई उठल्या. "म्हणजे माझ्या सुनेची चिठ्ठी आणि ह्या शिंप्याची चिठ्ठी सारखीच?"

"सारखीच," मी म्हटलं.

"दोन लेकरं आहेत तिला! ह्यांच्या मागे कोण आहे रडायला?"

"मागे नाही, पुढे आहे की गिऱ्हाईक," शिंपीकाका म्हणाले. "लग्नाचे तीन सूट कापून ठेवलेत. नवरदेव रडतील." 

कोणी हसलं, कोणी नाही.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तुमचं काय जातंय बोलायला? तुमचं माणूस तर गेलं."

खरंच होतं. मी खाली बसलो, आणि मला वाटलं संपलं.

तेव्हा खिडकीवाली बोलली. म्हणाली, "आई, बसा तुम्ही. गेल्या वेळी ताईंना बाहेर काढलं आणि मी इथे चार-चार तास आरामात बसले. त्या तिकडे बाकावर. माझ्याकडे बघून हसायच्या. पाळी माझी राहिली, झोप मात्र गेली. आता काकांना बाकावर बसवून मी परत तसं बसू? नाही जमणार. चिठ्ठ्या टाका." आणि तिने हात वर केला.

तिच्यामुळे बाकीचे हातही वर झाले. न्हावी म्हणाला, "आज माझे गुण बरे आहेत, उद्या डोळे गेले की मीही खालीच." चिठ्ठी मंजूर झाली.

एक अट मी घालायला लावली. ज्याची चिठ्ठी निघेल त्यानेच बाकावर जायचं, त्याच्या बदली दुसऱ्या कोणी नाही. आपली पाळी कोणी कोणाला द्यायची नाही. कारण तसं चाललं तर सगळे मिळून म्हाताऱ्याकडेच बघत बसतील, काका, तुमचं झालंय की जगून, असं तोंडाने म्हणणार नाहीत पण बघतील. डॉक्टरीणबाईंनी ती अट लिहून घेतली, सगळ्यांनी मान डोलावली.

उद्या चिठ्ठ्या. मला घरी येताना बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती. हे तुम्हाला कशाला सांगतोय, कळत नाही. हिला सांगितलं असतं म्हणून बहुतेक.


१८ मार्च, बुधवार

दादा,

खिडकीवालीची निघाली.

झाडलोट करणाऱ्या मावशींनी उचलली. स्टीलच्या ट्रेमध्ये होत्या. डॉक्टरीणबाईंनी वाचली आणि पुन्हा वाचली. ती मुलगी म्हणाली, "अगंबाई." मग घड्याळाकडे बघून म्हणाली, "पोरांची शाळा सुटेल, मी जाते." आणि गेली. सासूबाई तिच्यामागे गेल्या नाहीत. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

शिंपीकाका उठले आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाले, माझी पाळी तिला द्या. त्या म्हणाल्या, काल ठरलंय, देता येत नाही. काका माझ्याकडे वळले. "भाऊ, तुम्ही सांगा यांना. तुमचीच अट आहे. सोडा ना." मी म्हटलं, काका, आज तुमच्यासाठी सोडली तर परत कुणासाठी धरायची? ते म्हणाले, "मला शहाणपण शिकवू नका हो. वहिनींच्या जागी मी बसलोय, आता ह्या पोरीच्याही जागी बसू?" ते मोठ्याने रडत होते. मी त्यांना तिथे तसंच सोडून निघालो. मी अट सोडली नाही, दादा. सोडायला हवी होती का? तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही सांगा. 

तुमच्या नियमाने शिंपीकाका गेले असते. माझ्या नियमाने दोन मुलांची आई जाईल. तुम्ही म्हणाल, बघा, मी हेच लिहिलं होतं. म्हणा. मी ऐकून घेईन, कधीही, कितीही वेळ. माझा नियम मला अजून चूक वाटत नाही आणि तरी मला घरात एका जागी बसवत नाही. नियम बरोबर असला तरी माणूस जातंच, हे तुम्हाला हिच्या वेळीच कळलं असेल. तुम्ही फाटकाशी उभे होता तेव्हा हेच होतं का तुमच्या मनात? मी बाहेर यायला हवं होतं.

तिच्या नेहमीच्या पाळ्या महिनाअखेरीपर्यंत आहेत. त्यानंतर ती बाकावर बसेल. बाकावर बसणं म्हणजे काय ते मी बघितलंय. पाय सुजतात. मग आडवं होता येत नाही, बसूनच राहावं लागतं. मग माणूस पाणी मागतं आणि आपण द्यायचं नसतं. हिने शेवटच्या दिवशी मागितलं आणि मी दिलं नाही, डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून. अर्धा पेलासुद्धा नाही.

तुमच्या रुग्णालयात विचारा. तिथे रांग आहे, मला माहीत आहे. कुणीतरी मागे जाईल, तेही माहीत आहे. तो माणूस मला दिसत नाही, ही मुलगी दिसते, आणि एवढंच कारण आहे माझ्याकडे. हे कारण नाही हे मलाही कळतं. काल मी सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं की सगळ्यांची चिठ्ठी सारखीच, आणि आज तुमच्याकडे ओळख मागतोय. मला जे म्हणायचं ते म्हणा. न्यायाचं नंतर बघू. तुमच्या पाया पडतो, वयाने मोठा असून पडतो, एकदा विचारा.

फोन दोनदा उचलला आणि ठेवला. तुमचा आवाज थोडा हिच्यासारखा आहे. हे पत्र डेपोतल्या ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय, तो तुमच्या दारात आणून देईल.


२९ मार्च, रविवार

दादा,

खिडकीवाली आज सकाळी तुमच्या शहराकडे निघाली. तिच्या नवऱ्याच्या टेम्पोत पुढे ती, मागे सामान, गादी आणि सासूबाई. मुलं माझ्याशी बोलत होती, तिथे समुद्र आहे का म्हणून विचारत होती. मला माहीत नव्हतं, मी हो म्हटलं. तुम्ही दाखवा त्यांना काहीतरी. सासूबाईंनी निघताना माझ्या हातावर हात ठेवला. शिंपीकाका आले नव्हते, त्यांची नवी पहाटेची पाळी आज सुरू झाली.

तुमचा फोन आला त्या दिवशी तुम्ही तिचा रक्तगट विचारलात, रिपोर्ट कुठे पाठवायचे ते सांगितलंत. उद्यापासूनची पाळी आहे म्हणालात. मी म्हटलं, फार उपकार झाले. ते मनापासून म्हटलं होतं. आजही म्हणतो. ती मुलगी जगेल आणि ती तुमच्यामुळे जगेल, हे मी कुणापुढेही सांगेन.

मग तुम्ही म्हणालात, "मला वाटलं होतं बरंच बोलावं लागेल. पण मी नुसतं विचारलं आणि ते लगेच हो म्हणाले."

मी तेव्हा बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

लगेच, दादा.

तेव्हापासून मी तो शब्द घेऊन घरात फिरतोय. मला वाटायचं की तिथे खरंच दार बंद असेल. तुम्ही विचारलं असतंत तरी ते नाही म्हणाले असते, असं मी स्वतःला सांगत होतो, आणि त्याच्यावर माझे दिवस चालले होते. रांगेतला तो न दिसणारा माणूस मी तुमच्यासाठी खरा मानला होता. या वेळी तो कुठे गेला? की तो याही वेळी आहे, आणि कुठल्यातरी बाकावर बसलाय, आणि त्याच्या घरी कोणीतरी म्हणतंय, बघतो म्हणाले?

तुम्ही परक्या मुलीसाठी विचारू शकलात, कारण ती तुमची कोणी नव्हती. हे मला समजतं. तुमचं मन कसं चालतं हे मला आता बरंच समजतं, आणि ते वाईट नाही. ही म्हणायची तसंच आहे ते. पण ही तुमची बहीण नसती तर आज घरी असती, दादा. हे मी कुठे ठेवू?

तुमच्या पत्राची मी आता वाट बघणार नाही. तुम्ही आलात तर या. जेवण मी साधंच करतो. फाटक उघडंच असतं.

लिहिता लिहिता नळाला पाणी आलं. उठून पिंपाला नळी लावली. भरेपर्यंत तिथेच उभा राहिलो, मग नळ बंद केला.